टाकीच्या झाकणाचा हिरवा

२ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार-चमत्कार झाले असं समज. हे कामाचं पत्र आहे. रुसवा काढायला लिहिलेलं नाही, आणि मदत मागायला तर मुळीच नाही. तेव्हा न फोडता ड्रॉवरमध्ये ढकलू नकोस. सोबतचा खोका तर लगेच उघड, कारण त्यात दुसऱ्याची वस्तू आहे.

आधी प्रगती सांगतो. माझं 'रंगजोड' ॲप आता तू पाहिलं होतंस तसं राहिलेलं नाही. तेव्हा ते नुसतं 'या कंपनीची ही रंगाची बाटली मिळत नसेल तर त्या कंपनीची ती घ्या' एवढंच सांगायचं. आता माणूस वस्तूचा फोटो काढतो, शेजारी पांढरं कार्ड ठेवतो, आणि रंगजोड त्याला सांगतं की तुझ्याकडच्या बाटल्यांतून कुठले थेंब किती घेतलेस तर हा रंग होईल. खाली शंभरात किती जुळला तो आकडा येतो. बोटभर विमानं करणारे, काडेपेटीएवढी घरं करणारे, आगगाड्यावाले, सगळे वापरतात. परवा एका अनोळखी माणसानं कळवलं की त्याच्या नातीच्या बाहुलीचा उडालेला गाल रंगजोडनं परत आणला. हे सगळं दिवसा लिफ्ट दुरुस्त करून, उरलेल्या वेळात, कुठल्याही वर्गात न बसता केलेलं आहे. मी सांगत नाही, लोक सांगतात.

तू म्हणाली होतीस, "माझ्या रंगांच्या नमुन्याच्या पट्ट्या मिळणार नाहीत. रंग शिकायचा तर हात घाण कर." मी म्हणालो होतो, "तुझ्या पट्ट्यांशिवाय करून दाखवतो." दाखवलं. तो विषय मी पुन्हा काढत नाहीये, फक्त नोंद घे.

आता कामाचं. आमच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या मंडळात एक बसवाले काका आहेत. बसचे निवृत्त ड्रायव्हर. आपण चालवलेल्या बसची हातभर लांबीची प्रतिकृती त्यांनी पत्र्यातून केली आहे, आणि अशी केली आहे की दार उघडलं तर पायरीवरचं रबरसुद्धा झिजलेलं दिसतं. खरी बस भंगारात गेली, तेव्हा काकांनी तिच्या डिझेल टाकीचं झाकण तेवढं मागून घेतलं. तळहाताएवढं, बिजागरीसकट. त्या झाकणाचा फोटो घेऊन रंगजोडनं त्यांना हिरवा काढून दिला, काकांनी अख्खी बस त्यात रंगवली, आणि दुसऱ्या दिवशी खोक्यात घालून माझ्या दारात आणून ठेवली.

"काय झालं काका?"

"ही माझी बस नाही."

"अहो, शंभरात त्र्याण्णव जुळलाय."

"जुळला असेल. पण ही शेजारच्या डेपोची वाटते. आमची अशी गारठलेली नव्हती."

प्रदर्शन डिसेंबरच्या अखेरीस आहे, आणि काकांचे जुने डेपोवाले, कंडक्टर, मेकॅनिक, झाडून सगळे येणार आहेत. काका म्हणाले, "त्यांच्यासमोर ही ठेवण्यापेक्षा मी रिकामं टेबल ठेवीन." माझ्या यंत्राच्या शब्दावर त्यांनी रंगवली आहे, ताई. लिफ्ट मजल्याला बोटभर खाली थांबली तर आत बसलेला माणूस मोटरला शिव्या देत नाही, मला देतो.

मी स्वस्थ बसलो नाही. पहिल्यांदा वाटलं, काकांचीच चूक. त्यांनी शेजारी ठेवलेलं 'पांढरं' कार्ड म्हणजे लग्नाची जुनी पत्रिका होती, चक्क पिवळट. तेव्हा पहिली सुधारणा: कार्ड पांढरं नसेल तर रंगजोड उत्तरच देत नाही, सरळ 'कार्ड बदला' म्हणतं. मग बाटल्या ओल्या नाही, वाळल्यावर कशा दिसतात ते तपासलं, कारण वाळताना प्रत्येक रंग थोडा गडद होतो, आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा. एकेक बाटली पट्टीवर लावून, वाळवून पुन्हा मोजली. पंख्याखाली पट्ट्यांची एवढी तोरणं लागली की आमची ही म्हणाली, "कपडे कुठे वाळत घालू, तुझ्या मॉनिटरवर?" मग खालच्या थराचा प्रश्न. राखाडी थरावरचा हिरवा आणि पांढऱ्या थरावरचा हिरवा ही सख्खी भावंडं नव्हेत. तेही घातलं.

तरी काका नाहीच म्हणतात.

म्हणून खोक्यात हिरव्याच्या पट्ट्या ठेवल्या आहेत, सगळ्या मी मिसळलेल्या, सगळ्या मधे भोक पाडलेल्या. भोक झाकणावर ठेवून बघायचं, रंग जुळला की भोक दिसेनासं होतं, हे तुला सांगायला नको. झाकण फडक्यात गुंडाळलं आहे. देताना काकांचा जीव वरखाली होत होता. "परत आलं पाहिजे हं. नाहीतर तुमच्या लिफ्टमध्ये जाऊन बसेन, आणि उतरणारच नाही."

तू तिकडे फर्निचरच्या कारखान्यात दिवसभर जुन्या लाकडाला नवा रंग जुळवतेस, म्हणजे डोळा अजून शाबूत असणार. जी पट्टी जुळते तिच्यावर फक्त खूण कर. याला मदत म्हणत नाहीत, तपासणी म्हणतात. सगळ्या चांगल्या गोष्टींची होते.

– रंगजोडचा कर्ता


२१ नोव्हेंबर

ताई,

खोका पोचला. झाकण सुखरूप. काकांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि खिशात घातलं, खिसा फाटेल म्हटलं तरी.

चिठ्ठी नव्हती. मी काही शोधली नाही. हिनं मात्र खोका उलटा करून झटकला.

आता तपासणीबद्दल. मी खूण मागितली होती. एकाही पट्टीवर खूण नाही! उलट प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं शेरे. 'निळ्याकडे कलतो.' 'मळका.' 'पिवळा कमी पडला.' 'याच्यात काळा घातलास ना? घालू नये.' 'बरा, पण लाजतो.' रंग लाजतो म्हणजे काय करतो? आणि एकीवर नुसतं 'मेला', तेही खाली रेघ मारून. हा शब्द मी ओळखला. गॅलरीत बसून आपण लाकडी ट्रक रंगवायचो, मी चाकं बसवायचो आणि तू वाटीत रंग कालवायचीस, तेव्हाही बिघडलेल्या हिरव्याला तू 'मेला' म्हणायचीस आणि वाटी माझ्याकडे धुवायला सरकवायचीस.

शेवटच्या पट्टीमागे तर कहर. 'झाकण दमलंय.' दमायला ते काय जिने चढून आलं?

मी भडकलो, हे कबूल करायला हरकत नाही. हिला म्हणालो, "बघ, एका अक्षराचा उपयोग नाही. यंत्रात घालायला आकडे लागतात, कविता नाही."

ही पट्ट्या एकेक करून वाचत होती. म्हणाली, "मला तर सगळं कळलं."

"काय कळलं?"

"हेच, की ही निळी झाली, हिच्यात पिवळा घाल. तुझ्या त्र्याण्णवावरून मला काय कळणार? उरलेले सात कुठे सांडले ते कुठे सांगतोस तू? टक्के काय भिंतीला लावायचे?"

एका इमारतीत सहाव्या मजल्यावर लिफ्ट अडकली होती, तिकडे जायचं होतं. पण वर शाफ्टमध्ये लोंबकळत असताना लक्षात आलं की मी स्वतः हाताखालच्या माणसाला कधी 'लिफ्ट शंभरात सत्त्याण्णव बरोबर थांबली' असं सांगत नाही. 'बोटभर खाली आहे, वर घे' असं सांगतो. खाली की वर, हे न सांगता नुसतं किती ते सांगणारा मेकॅनिक मी एका दिवसात काढून टाकीन.

तेव्हा दुसरी मोठी सुधारणा, आणि ही मी स्वतःच्या डोक्यानं केली आहे: रंगजोड आता दिशा सांगतं. 'जवळ आहे, पण निळ्याकडे कलतो. पिवळ्याचा एक थेंब वाढवून बघा.' 'मळका होतोय, राखाडी कमी करा.' आकडा आहे, पण खाली, बारीक अक्षरात. कल्पना माझी, शब्द तुझे. शब्दांवर हक्क सांगणार असशील तर आधी कळव. 'लाजतो' घेतलेला नाही. त्याचं गणित मला अजून सुटलेलं नाही, पण सुटेल.

मंडळात दाखवलं. विमानवाला, जो आजवर माझ्या यंत्रात खोट काढण्यासाठीच सभेला येत असे, त्यानं तिथल्या तिथे त्याच्या विमानाच्या पोटाचा फिकट निळा काढला, दुसऱ्याच प्रयत्नात. म्हणाला, "हे आता माणसासारखं बोलायला लागलं." मी म्हटलं, "शिकवलंय." कोणी शिकवलं ते त्यानं विचारलं नाही, आणि मीही थांबून सांगितलं नाही.

मग काकांच्या हिरव्याला बसलो. दिशा धरून एकेक थेंब. शेवटी अशी पट्टी झाली की झाकणावर ठेवली की भोक नाहीसं होतं. खिडकीशी नेली, दिव्याखाली नेली, अंगणात नेली. सगळीकडे भोक गायब. ताई, असा जुळलेला रंग मी आयुष्यात पाहिला नव्हता. काकांना बोलावलं. त्यांनी पट्टी बघितली, झाकण बघितलं, पुन्हा पट्टी बघितली.

"झाकणासारखा तंतोतंत झाला."

"मग?"

"पण बससारखा नाही झाला."

झाकण त्याच बसचं. रंग त्याच झाकणाचा. काका हट्टी आहेत म्हणावं, तर बाकी कुठल्याच बाबतीत हट्टी नाहीत. जाताना मला म्हणाले, "राहू द्या. तुम्ही खूप केलंत." हे मला शिवीपेक्षा लागलं.

हे केवळ माहितीसाठी. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. तसंही तू देत नाहीस.

– धाकटा


६ डिसेंबर

ताई,

निरोप मला पाठवता येत होता. नंबर तोच आहे. हिच्या फोनवर पाठवण्याचं कारण?

मी जेवत होतो. ही फोन बघून हसली आणि फोन उपडा ठेवला. म्हटलं, "कोणाचं आहे?" म्हणाली, "तुझ्या तपासणी खात्याचं." "काय म्हणते?" "आधी भाजी संपव." शेवटी वाचून दाखवलं: 'त्याला विचार, बिजागरी काढलीस का?'

एवढंच! पुढे ना 'कसा आहेस', ना 'कळव'. ही म्हणाली, "तुम्ही दोघं एका डब्यातले. रंग चांगला, पण झाकण उघडायला पक्कड लागते."

मला लगेच कळलं नाही, आणि कळलं तेव्हा घास तसाच राहिला. रंगजोडमध्ये फोटो काढण्याच्या जागी एक सूचना आहे. मी लिहिलेली, ठळक अक्षरात, आणि तिचा मला फार अभिमान होता: 'वस्तूचा सर्वांत स्वच्छ, सपाट आणि उजेडातला भाग निवडा.' काकांनी तोच निवडला. मीही तोच मोजला. टाकीचं झाकण, बसच्या बाहेरच्या अंगाला, आयुष्यभर उन्हात. त्यातला सर्वांत उजेडातला भाग! पिवळा कधीच जळून गेला होता आणि मागे राहिलेल्या निळ्याला आम्ही हिरवा म्हणत बसलो होतो.

'झाकण दमलंय.' सरळ लिहायला काय झालं होतं तुला? 'ऊन खाल्लंय' लिहिलं असतं तर मी दोन आठवडे आधीच काढली असती बिजागरी.

उद्या काकांना बोलावलं आहे. ते काढू देतील का याची खात्री नाही.

– धा.


२० डिसेंबर

ताई,

काढू देत नव्हते. "तिला हात लावायचा नाही," म्हणाले. "ती बिजागरी बसच्या जन्मापासूनची आहे. स्क्रू तुटला तर?" तेव्हा मी त्यांना सांगितलं, "काका, तीस मजल्यांच्या शाफ्टमध्ये एका हातानं लोंबकळून गंजलेले स्क्रू काढलेत मी. तुटला तर रंगजोड बंद करतो." ही आतून ओरडली, "काका, तुटू द्याच हो!" काका हसले, तेव्हा कुठे झाकण त्यांच्या हातातून माझ्या हातात आलं.

तेल सोडलं. घाई केली नाही. तेल आत मुरेपर्यंत चहा घेतला. मग स्क्रू आधी घट्ट करायच्या दिशेनं केसभर फिरवला, हे लोकांना माहीत नसतं, आणि मग उलटा. कुरकुरला आणि आला. दुसरा त्याच्यापेक्षा शहाणा निघाला. बिजागरीचं पान मी उचललं नाही, काकांकडे सरकवलं. म्हटलं, "तुम्ही उचला."

खाली हिरवा होता. बोटाएवढा लांब तुकडा, कडा धारदार, जणू काल लावलेला. उबदार, गच्च, पिवळ्यानं भरलेला. त्याच्या शेजारी बाकीचं झाकण आजारी माणसासारखं दिसायला लागलं. आम्ही जीव तोडून जुळवलेला रंग तो आजार होता.

काकांनी त्या हिरव्यावर अंगठा ठेवला, इंजिन गरम आहे का बघतात तसा. म्हणाले, "पहिल्या दिवशी किल्ली हातात दिली तेव्हा ही अशी उभी होती. साहेब म्हणाले, घासू नकोस कुठे. मी म्हटलं, साहेब, नवरी आहे ती." आणि माझ्याकडे बघून, "तुमच्या यंत्राला जमेल ना हा?"

जमला, ताई. पहिल्याच प्रयत्नात रंगजोड म्हणालं, 'जवळ आहे, पण लाजतो.' हो, घेतला तो शब्द. गणित सुटलं: रंग खरा असतो, पण थर पातळ पडतो आणि खालचा राखाडी त्याला मागे ओढतो. आणखी एक थर दिला आणि लाज गेली, आणि काकांनी अख्खी बस त्यात पुन्हा रंगवली. हे तू पेन्सिलीनं एका शब्दात लिहिलं होतंस आणि मला समीकरणाला महिना लागला. पण समीकरण आता कुणालाही वापरता येईल, तुझी पेन्सिल नाही. तेव्हा बरोबरी झाली.

जुनी ठळक सूचना मी काढून टाकली. तिच्या जागी आता रंगजोड आधी विचारतं, 'ही वस्तू उन्हात होती का?' हो म्हटलं की सांगतं: 'बिजागरीखाली, स्क्रूच्या डोक्याखाली, कडेच्या धातूच्या पट्टीखाली बघा. जिथे ऊन पोचलं नाही तिथला रंग खरा.' पुढच्या आवृत्तीत एक सरकपट्टीही करणार आहे, एका टोकाला नवा रंग, दुसऱ्या टोकाला उन्हानं खाल्लेला. ज्याला आपली गाडी जितकी जुनी हवी तितकी करावी. ती मात्र काकांची मागणी. म्हणाले, "एक माझ्या पहिल्या दिवसाची, एक शेवटच्या दिवसाची. दोन्ही करीन."

हे सगळं चार दिवसांपूर्वीच लिहायला बसणार होतो, तेवढ्यात तुझा मोठा खोका आला.

हिनं उघडला, माझ्या हाताला ग्रीस होतं. तुझ्या पट्ट्या. सगळ्या. ज्यांच्यावरून आपण भांडलो त्या, आणि त्यानंतरच्या तिकडच्याही. प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात नाव: ओली वीट, शिळा पिवळा, रागावलेला आमसुली, पोस्टाच्या पिशवीचा तपकिरी. आणि वरच्या पट्टीवर चिकटवलेला कागद: 'आकडे लाव. नावं बदलशील तर याद राख.'

नावं बदलणार नाही. मोजायला सुरुवातही केली आहे. ही एकेक पट्टी पुसून देते आणि नाव मोठ्यानं वाचते, आणि कधी कधी आम्ही काम सोडून हसत बसतो. रंगजोड उघडलं की आता वर लिहून येतं: 'रंगांची नावं: ताईची'. लोक विचारतात, ही ताई कोण. या वेळी मी थांबून सांगतो.

प्रदर्शन रविवारी आहे. शाळेचं सभागृह, दारातून शिरलं की डावीकडे तिसरं टेबल. काकांची बस तिथे उभी असेल आणि भोवती डेपोची माणसं. परवाच एका जुन्या मेकॅनिकला घरी आणून त्यांनी ती दाखवली. त्यानं आत पाऊल टाकलं आणि दारातूनच ओरडला, "अरे, हिला इथे कोणी पार्क केलं?" काका तेव्हापासून छाती काढून चालतात. मीही.

तुझ्या पट्ट्यांशिवाय रंगजोड करून दाखवीन म्हणालो होतो. दाखवलं, आणि वाईट नव्हतं, शंभरात त्र्याण्णव होतं. उरलेले सात कुठे कलत होते तेवढं कळत नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीला मी स्टॉपवर उभा असेन. तू येत नाहीस असं ठरवलं असशील तर निरोप हिच्या फोनवर नको, माझ्या फोनवर दे. आणि येत असशील तर पक्कड आणू नकोस. झाकण सैल करून ठेवलं आहे.

तुझा धाकटा